डिजिटल अर्ज स्वतःच्या उपकरणावर भरणे

डिजिटल अर्ज स्वतःच्या उपकरणावर भरणे म्हणजे पीडीएफ किंवा तत्सम स्वरूपातील कोरा अर्ज आपल्या संगणकावर वा मोबाइलवर डाउनलोड करून, त्यातील माहिती कोणत्याही त्रयस्थ संकेतस्थळाकडे न पाठवता तेथेच भरणे, तपासणे आणि जतन करणे होय. या पद्धतीत अर्जदाराचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, बँक खात्याचा तपशील, स्वाक्षरीची प्रतिमा इत्यादी माहिती अर्ज प्रत्यक्ष सादर होईपर्यंत त्याच्याच ताब्यात राहते. तिला ‘स्थानिक अर्जभरणी’ असेही म्हणता येईल. सार्वजनिक संगणकावर, दुसऱ्याच्या दुकानात किंवा ‘मोफत पीडीएफ भरा’ अशी सेवा देणाऱ्या संकेतस्थळावर अर्ज भरण्याहून ही पद्धत भिन्न आहे.

महाराष्ट्रात शासकीय योजना, दाखले, पीकविमा, शिष्यवृत्ती आणि निवृत्तिवेतन यांचे बहुतांश व्यवहार अर्जाद्वारे होतात व हे अर्ज आता मोठ्या प्रमाणात डिजिटल झाले आहेत. त्यामुळे अर्ज कोठे बसून आणि कोणाच्या यंत्रावर भरला जातो, हा प्रश्न ग्रामीण भागातही महत्त्वाचा ठरला आहे. जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यासारख्या केळीउत्पादक भागात त्याचे स्वरूप विशेष स्पष्टपणे दिसते.

संकल्पना

डिजिटल अर्ज भरण्याचे चार मुख्य प्रकार आढळतात.

१. संबंधित कार्यालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवर स्वतः प्रवेश करून थेट माहिती भरणे. येथे माहिती शासनाकडे किंवा संस्थेकडे जाते. ती जाणे अपेक्षितच असते.

२. कोरा अर्ज डाउनलोड करून स्वतःच्या उपकरणावर भरणे व नंतर तो अपलोड करणे, ई-मेलने पाठवणे किंवा छापून देणे. हाच या लेखाचा विषय आहे.

३. अर्जाची फाइल एखाद्या खासगी संकेतस्थळावर चढवून तेथे भरणे. येथे कार्यालय आणि अर्जदार यांच्यामध्ये तिसरा पक्ष येतो व फाइलची प्रत त्याच्या सर्व्हरवर जाते.

४. सेवा केंद्र, सायबर कॅफे किंवा झेरॉक्सच्या दुकानात कागदपत्रे देऊन दुसऱ्याकडून अर्ज भरून घेणे. येथे माहिती दुकानाच्या संगणकावर, पेन ड्राइव्हवर आणि अनेकदा दुकानदाराच्या व्हॉट्सॲप खात्यात उतरते.

तिसऱ्या व चौथ्या प्रकारात गैरहेतू असतोच असे नाही. पण अर्ज सादर झाल्यानंतरही प्रती मागे उरतात, आणि त्या कोणी, केव्हा व कशा नष्ट केल्या हे अर्जदाराला कळण्याचा मार्ग नसतो. स्थानिक अर्जभरणीचे प्रयोजन या अनावश्यक प्रती निर्माणच होऊ न देणे हे आहे.

इतिहास

पीडीएफ हे दस्तऐवज-स्वरूप अडोबी या अमेरिकन कंपनीने १९९३ मध्ये प्रसृत केले. कोणत्याही यंत्रावर कागदासारखेच दिसणारे पान, ही त्यामागील कल्पना होती. १९९६ मध्ये आलेल्या १.२ या आवृत्तीत भरता येण्याजोग्या रकान्यांची सोय झाली; या रचनेला ॲक्रोफॉर्म म्हणतात. २००३ मधील १.५ आवृत्तीपासून एक्सएफए ही अधिक गुंतागुंतीची अर्ज-रचना आली. २००८ मध्ये पीडीएफला आयएसओ ३२००० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. २०१७ च्या पीडीएफ २.० मानकात एक्सएफए कालबाह्य ठरवण्यात आली.

ब्राउझरमध्येच पीडीएफ उघडण्याची सोय पुढे आली. मोझिलाच्या पीडीएफ.जेएस या मुक्त प्रकल्पावर आधारलेला दर्शक २०१३ मध्ये फायरफॉक्समध्ये अंगभूत झाला. ऑक्टोबर २०२२ पासून फायरफॉक्समध्ये रकाने नसलेल्या पानावरही मजकूर लिहिता येऊ लागला. वेबअसेंब्ली हे तंत्र डिसेंबर २०१९ मध्ये अधिकृत वेब-मानक झाल्यावर, पूर्वी सर्व्हरवरच चालू शकणारी अवजड कामे ब्राउझरमध्ये, म्हणजे वापरकर्त्याच्याच यंत्रावर, करणे अधिक सुकर झाले.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यता दिली. राष्ट्रीय ई-शासन योजनेला २००६ मध्ये मंजुरी मिळाल्यावर गावोगावी सामायिक सेवा केंद्रे उभी राहिली. महाराष्ट्रात सेतू सुविधा केंद्रे, महा ई-सेवा केंद्रे आणि पुढे ‘आपले सरकार सेवा केंद्रे’ या नावांनी ही व्यवस्था ओळखली जाते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नंतर अधिसूचित सेवांसाठी ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर नागरिकाला स्वतः नोंदणी करून अर्ज करता येऊ लागला. त्याच वर्षी राज्य शासनाने अनेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतींऐवजी स्वयंसाक्षांकित प्रती स्वीकारण्याचे धोरण अवलंबिले. यामुळे स्वाक्षरीसाठी अधिकाऱ्याकडे जाण्याची गरज कमी झाली आणि अर्ज घरी तयार करणे व्यवहार्य झाले.

आधार योजनेचा आरंभ खानदेशातच झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. पुढील काळात हा बारा अंकी क्रमांक बहुतेक अर्जांचा अविभाज्य भाग बनला आणि अर्जातील गोपनीयतेचा प्रश्नही मुख्यतः त्याच्याभोवती केंद्रित झाला.

तांत्रिक स्वरूप

उपलब्ध होणारे अर्ज तीन प्रकारचे असतात व प्रत्येकाची भरण्याची रीत वेगळी असते.

रकानेयुक्त अर्ज: यात ॲक्रोफॉर्म पद्धतीचे रकाने, चौकटी व पर्याय असतात. फायरफॉक्स, क्रोम, एज हे ब्राउझर तसेच ॲक्रोबॅट रीडर, ऑक्युलर, मॅक संगणकावरील प्रिव्ह्यू अशा दर्शकांत ते थेट भरता येतात.

सपाट अर्ज: कागदी अर्ज स्कॅन करून बनवलेली पीडीएफ. यात रकाने नसतात. पान म्हणजे केवळ एक चित्र असते. ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था यांच्याकडील अनेक नमुने या प्रकारचे असतात. अशा पानावर मजकुराचा थर ठेवून लिहावे लागते. फायरफॉक्समधील मजकूर-साधन, लिबरऑफिस ड्रॉ किंवा ॲक्रोबॅट रीडरमधील भरणे व स्वाक्षरी ही सोय यासाठी वापरली जाते.

ऑफलाइन उपयोजने: काही विभाग स्वतःचे साधन देतात. प्राप्तिकर विभागाची विवरणपत्र-साधने संगणकावर उतरवून, माहिती ऑफलाइन भरून, अखेरीस तयार झालेली फाइल संकेतस्थळावर चढवता येते. तत्त्वतः ही स्थानिक अर्जभरणीच आहे.

ब्राउझरमध्ये फाइल ‘उघडणे’ आणि संकेतस्थळावर ‘चढवणे’ या दोन भिन्न क्रिया आहेत. ब्राउझरच्या अंगभूत दर्शकात फाइल उघडली तर ती यंत्राबाहेर जात नाही. एखाद्या संकेतस्थळाच्या चौकटीत फाइल टाकली तर ती बहुधा त्याच्या सर्व्हरवर जाते. काही संकेतस्थळे ‘फाइल तुमच्या उपकरणातच राहते’ असे सांगतात. त्याची प्राथमिक पारख करण्याचा मार्ग असा: पान पूर्ण उघडल्यावर इंटरनेट बंद करावे आणि मगच फाइल निवडून अर्ज भरून जतन करावा. हे काम इंटरनेटविना पूर्ण झाले तर प्रक्रिया स्थानिक आहे असे म्हणता येते. मात्र जोडणी पुन्हा सुरू झाल्यावर माहिती पाठवली जाणार नाही, याची हमी या चाचणीने मिळत नाही. म्हणून खासगी विंडोत काम करून ती बंद केल्यानंतरच इंटरनेट पुन्हा चालू करणे अधिक सुरक्षित होय.

देवनागरी मजकुराच्या अडचणी

मराठी अर्ज उपकरणावर भरताना इंग्रजी अर्जांत न येणाऱ्या काही अडचणी येतात.

पहिली अडचण टंकांची. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर विविध खासगी टंकांत लिहिला जाई. त्यांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. अशा जुन्या नमुन्यातील मजकूर प्रत काढून अन्यत्र चिकटवल्यास निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग आहे. नवे अर्ज युनिकोडमध्ये असल्यास ही अडचण राहत नाही.

दुसरी अडचण रकान्यांची. अर्ज बनवणाऱ्याने रकान्यासाठी केवळ रोमन टंक नेमला असेल तर त्यात मराठी लिहिल्यावर रिकाम्या चौकोनांची रांग दिसते. काही दर्शकांत जोडाक्षरे सुटी पडतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाते, ‘तऱ्हा’ किंवा ‘सुऱ्या’ यांसारख्या शब्दांतील अर्धा ऱ बिघडतो. अशा वेळी दुसऱ्या दर्शकात फाइल उघडून पाहणे, किंवा रकाना मोकळा ठेवून त्यावर मजकुराचा थर देणे, हे उपाय उपयोगी पडतात. भरलेला अर्ज पाठवण्यापूर्वी दुसऱ्या यंत्रावर कसा दिसतो हे पाहणे इष्ट असते.

तिसरी अडचण अंकांची. मराठी कळफलकाने टंकलेले देवनागरी अंक अनेक संकेतस्थळे स्वीकारत नाहीत. खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक व दिनांक यांसाठी आंतरराष्ट्रीय अंक वापरावे लागतात. बँकेच्या शाखेचा आयएफएस संकेतांक अकरा वर्णांचा असतो व त्याचे पाचवे स्थान नेहमी शून्याचे असते. तेथे इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर टंकले गेल्यास संकेतांक अवैध ठरतो. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुन्या पासबुकावरील संकेतांक बदललेला असू शकतो. उदाहरणार्थ, देना बँक व विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या.

चौथी अडचण नावांची. सातबारा उताऱ्यावर नाव मराठीत, पासबुकावर इंग्रजीत आणि आधारपत्रावर दोन्ही लिप्यांत असते. ‘चौधरी’ या एकाच आडनावाची इंग्रजी वर्णाक्षरे तीन कागदांवर तीन प्रकारे आढळू शकतात. वडिलांचे नाव मधोमध घेणे, आडनाव प्रथम लिहिणे, ‘भाऊ’, ‘बाई’, ‘राव’ असे प्रत्यय जोडणे किंवा गाळणे यांमुळेही विसंगती निर्माण होते. दुकानात रांग लागलेली असताना या बारकाव्यांकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक असतो. घरी सर्व कागद समोर ठेवून भरलेल्या अर्जात ते जुळवून पाहता येतात.

रावेर तालुक्यातील संदर्भ

रावेर हा जळगाव जिल्ह्याच्या ईशान्य भागातील, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेला तालुका आहे. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि दक्षिणेस तापी नदी यांमधील सुपीक पट्ट्यात केळीची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तालुक्यात लेवा बोली आणि अहिराणी, तसेच पाल परिसरातील सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी व पावरा समाजांच्या बोली बोलल्या जातात. अर्जांची भाषा मात्र प्रमाण मराठी किंवा इंग्रजी असते.

केळीउत्पादक शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या अर्जांपैकी एक म्हणजे पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजनेचा अर्ज. कमी वा अधिक तापमान आणि वेगाचा वारा यांपासून होणाऱ्या नुकसानीचे संरक्षण त्यात मिळते. अर्जासोबत आधार, सातबारा उतारा, बँक पासबुक, लागवडीचे स्वयंघोषणापत्र आणि अक्षांश-रेखांशाची नोंद असलेले बागेचे छायाचित्र द्यावे लागते. म्हणजेच एकाच संचात शेतकऱ्याची ओळख, मालमत्ता, बँक खाते आणि शेताचे नेमके स्थान हे सर्व एकत्र येते. अर्जाची मुदत जवळ आली की सेवा केंद्रांवर गर्दी होते, आणि ‘कागद व्हॉट्सॲपवर पाठवून द्या, अर्ज होऊन जाईल’ हा सोयीचा मार्ग अवलंबिला जातो. या योजनेचा अर्ज राष्ट्रीय पीकविमा संकेतस्थळावर शेतकऱ्याला स्वतःही भरता येतो. स्वयंघोषणापत्र घरी भरून, स्वाक्षरी करून व त्याची प्रत स्वतःच तयार करून नेल्यास निदान कागदांचा मूळ संच स्वतःच्या मोबाइलमध्ये राहतो.

याच प्रकारे ई-पीक पाहणीची नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याच्या मोबाइलवरून सुरू झाली. पूर्वी तलाठ्याकडे असणारे पीकनोंदीचे काम त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती आले. कृषी विभागाच्या योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य करण्यात आला. हा क्रमांक आधार व भूमिअभिलेखांशी जोडलेला असल्याने तो कोणाच्या हाती पडतो, यास महत्त्व आहे.

२०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या निमित्ताने राज्यातील लक्षावधी महिलांनी अल्पावधीत अर्ज भरले. अर्जासोबत आधार, बँक खात्याचा तपशील आणि स्वाक्षरी केलेले हमीपत्र जोडावयाचे होते. अनेक घरांत मोबाइल एकच असल्याने अर्ज पती, मुलगा, शेजारी किंवा केंद्रचालक यांच्या मोबाइलवरून भरले गेले. घरातील एकाच सामायिक उपकरणावर अर्जदार स्त्रीची माहिती खऱ्या अर्थाने तिच्या ताब्यात असते काय, हा प्रश्न यातून पुढे येतो. ‘स्वतःचे उपकरण’ या शब्दप्रयोगामागे गृहीत धरलेली मालकी सर्वत्र समान नाही.

माहिती कोठे उरते

अर्ज भरताना निर्माण होणाऱ्या प्रती पुढील ठिकाणी राहू शकतात.

डाउनलोड फोल्डर: सार्वजनिक संगणकावर सर्वांत अधिक प्रती येथे साचतात. फाइल काढून टाकली तरी ती रिसायकल बिनमध्ये राहते.

व्हॉट्सॲप व ई-मेल: छपाईसाठी दुकानाच्या क्रमांकावर पाठवलेली फाइल दुकानाच्या मोबाइलवर, त्याला जोडलेल्या संगणकावर आणि बॅकअपमध्ये उरू शकते.

क्लाउड: मोबाइलमधील छायाचित्रे आपोआप क्लाउडवर जात असतील तर आधारपत्राचा फोटोही जातो. काही पीडीएफ ॲप भरलेली फाइल मुळातच कंपनीच्या क्लाउडवर जतन करतात. ही मांडणी सेटिंग्जमध्ये तपासावी लागते.

स्कॅनर ॲप: २०१९ मध्ये कॅमस्कॅनर या लोकप्रिय ॲपच्या अँड्रॉइड आवृत्तीतील जाहिरात-घटकात दुर्भावी प्रणाली आढळली होती. जून २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये त्याचा समावेश होता.

फाइल बारीक करणारी संकेतस्थळे: अनेक अर्जांत छायाचित्र, स्वाक्षरी व कागदपत्रे ठरावीक किलोबाइटच्या आतच द्यावी लागतात. या अटीमुळे अर्जदार ‘फाइल कमी करा’ अशा अनोळखी संकेतस्थळांकडे वळतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेच्या डेन्व्हर कार्यालयाने अशा मोफत रूपांतर-सेवांमधून दुर्भावी प्रणाली पसरवली जाते आणि फाइलमधील ओळख-क्रमांक व बँकविषयक माहिती काढून घेतली जाते, असा इशारा दिला. छायाचित्र मोबाइलमध्येच कातरणे, आकारमान कमी करणे किंवा कृष्णधवल स्वरूपात स्कॅन करणे यांनी फाइल बारीक होते व संकेतस्थळाची गरज पडत नाही.

पीडीएफच्या पोटात: काही दर्शक बदल जतन करताना जुना मजकूर न पुसता नवा त्याच्या शेवटी जोडतात; त्यामुळे खोडलेली माहितीही फाइलमध्ये राहू शकते. मजकुरावर काळी पट्टी काढल्याने खालचा मजकूर नाहीसा होत नाही. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेतील पॉल मॅनफोर्ट खटल्यात वकिलांनी दाखल केलेल्या दस्तऐवजातील काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर केवळ प्रत काढून वाचता आला होता. आधार क्रमांक झाकायचा असल्यास पान चित्ररूपात रूपांतरित करून त्यावर पट्टी देणे किंवा मुळातच मास्क केलेले आधार वापरणे योग्य होय.

छायाचित्राच्या नोंदी: मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात स्थान, दिनांक व वेळ यांची नोंद असू शकते. पीकविम्यासाठी ती आवश्यक असते. इतर अर्जांसाठी ती अनावश्यक असून काढून टाकता येते.

कार्यपद्धती

स्थानिक अर्जभरणीची सामान्य रीत पुढीलप्रमाणे आहे.

१. कोरा अर्ज संबंधित विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. भारतातील शासकीय संकेतस्थळांच्या पत्त्याचा शेवट सामान्यतः ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट निक डॉट इन’ असा असतो.

२. अर्ज, आधार, सातबारा, पासबुक इत्यादींसाठी उपकरणात एकच फोल्डर करावे.

३. अर्ज डाउनलोड झाल्यावर शक्य असल्यास इंटरनेट बंद करून भरावा. आधी कोऱ्या प्रतीची नक्कल करून ठेवावी.

४. नाव, जन्मतारीख व खाते क्रमांक मूळ कागदाशी अक्षरशः ताडून पाहावेत.

५. आधार मागितले असेल तेथे मास्क केलेले आधार चालते काय हे पाहावे. त्यात क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात.

६. भरलेला अर्ज ‘प्रिंट’ या पर्यायातून नव्या पीडीएफमध्ये जतन केल्यास रकाने सपाट होतात व मजकूर अनवधानाने बदलण्याचा धोका टळतो.

७. ई-मेलने पाठवायचा असल्यास फाइलला पासवर्ड द्यावा व तो वेगळ्या मार्गाने कळवावा. डाउनलोड केलेल्या ई-आधारचा पासवर्ड नावाच्या पहिल्या चार इंग्रजी अक्षरांनी व जन्मवर्षाने बनतो. ज्याच्याकडे भरलेला अर्ज आहे, त्याच्याकडे हा पासवर्डही आहे असेच समजावे.

८. छपाई दुकानातच करावी लागत असल्यास काम होताच फाइल आपल्यासमोर काढून टाकण्यास सांगावे. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाच्या बंगळूरु विभागीय कार्यालयाने मे २०२२ मध्ये सार्वजनिक संगणकावरील ई-आधारच्या प्रती कायमच्या पुसून टाकण्याचा सल्ला दिला होता. आधारची छायाप्रत कोणासही देऊ नये, असा अर्थ त्या पत्रकातून निघण्याच्या शक्यतेमुळे दोन दिवसांत ते मागे घेण्यात आले. तथापि त्यामागील खबरदारी तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे.

९. अर्ज क्रमांक व पोचपावती जपून ठेवावी आणि अनावश्यक मसुदे पुसावेत.

कायदेशीर बाजू

न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ हा त्यानंतरचा कायदा असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात. माहिती ठरावीक हेतूसाठीच वापरणे, तिचे रक्षण करणे आणि हेतू पूर्ण झाल्यावर ती पुसणे ही तत्त्वे या कायद्यात आहेत. व्यक्तीने स्वतःच्या वा घरगुती कामासाठी हाताळलेल्या माहितीस हा कायदा लागू होत नाही. म्हणून घरातील वृद्धाचा अर्ज नातवाने भरणे त्याच्या कक्षेबाहेर राहते; व्यवसाय म्हणून इतरांची माहिती हाताळणाऱ्यास मात्र ही सवलत नाही.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ क नुसार दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी, पासवर्ड किंवा ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय साहाय्यक्रमांकावर करता येते.

अर्जावर चिकटवलेले स्वाक्षरीचे चित्र म्हणजे कायद्यातील इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी नव्हे. ती डिजिटल प्रमाणपत्राने किंवा आधार-आधारित ई-साइनने करावी लागते. ई-साइनच्या प्रक्रियेत सामान्यतः संपूर्ण दस्तऐवजाऐवजी त्याचा गणिती ठसा स्वाक्षरी-सेवेकडे जातो. अशी स्वाक्षरी झाल्यावर अर्जात बदल केल्यास ती अवैध दिसते. म्हणून सर्व माहिती आधी भरून स्वाक्षरी शेवटी करावी. डिजिलॉकरमधील जारी दस्तऐवज २०१६ च्या नियमांनुसार मूळ दस्तऐवजांच्या समकक्ष मानले जातात. त्यामुळे जेथे डिजिलॉकर स्वीकारले जाते तेथे स्कॅन केलेल्या प्रती बाळगण्याची गरज कमी होते.

मर्यादा

स्थानिक अर्जभरणीने अर्ज सादर होण्यापूर्वीच्या टप्प्याचेच रक्षण होते. सादर झाल्यावर माहितीची जबाबदारी स्वीकारणाऱ्या कार्यालयाची असते. उपकरणातच दुर्भावी प्रणाली असेल किंवा अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारे ॲप बसवले असेल तर घरी भरलेला अर्जही गोपनीय राहत नाही. मोबाइल हरवल्यास कुलूप नसलेल्या उपकरणातील सर्व कागद एकदमच जातात.

सर्वांत मोठी मर्यादा साक्षरतेची व साधनांची आहे. अक्षरओळख कमी असलेला मजूर, दृष्टी मंदावलेला वृद्ध निवृत्तिवेतनधारक किंवा प्रमाण मराठीशी फारसा परिचय नसलेला तडवी शेतकरी यांना साहाय्यकाची गरज भासतेच. सेवा केंद्रांनी शासनाच्या सेवा गावापर्यंत आणल्या, हेही तितकेच खरे आहे. म्हणून या पद्धतीचा अर्थ केंद्रांवर बहिष्कार असा होत नाही. मदत घेतानाही अर्जदाराने स्वतःच्या मोबाइलवर अर्ज भरून घेणे, ओटीपी स्वतः टंकणे, भरलेला मजकूर मोठ्याने वाचून घेणे आणि कागदांच्या प्रती मागे न ठेवणे शक्य असते. शाळा, वाचनालये व ग्रामपंचायती यांच्याकडील संगणकांवर प्रत्येक वापरानंतर फाइल आपोआप पुसली जाण्याची व्यवस्था केल्यास, ज्यांच्याकडे स्वतःचे उपकरण नाही त्यांनाही या पद्धतीचा बराचसा लाभ मिळू शकतो.

कार्यालयांच्या बाजूनेही काही सुधारणा आवश्यक ठरतात. युनिकोड रकाने असलेले अर्ज उपलब्ध करणे, अपलोडची मर्यादा वाजवी ठेवणे, ज्या कामाला आधारची गरज नाही तेथे ते न मागणे आणि मास्क केलेले आधार स्वीकारणे यांनी अर्जदारावरील भार हलका होतो. जी माहिती मागितलीच नाही, ती गळण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

हे सुद्धा पहा

पीडीएफ
युनिकोड
आधार
डिजिलॉकर
आपले सरकार
महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५
ई-पीक पाहणी
रावेर तालुका